देवीचा खण आणि दोन डिझेल गाड्या: वाडी ते माहूर

माहूरला जायचं तर एसटी आहे, खाजगी बस आहे, ऐपत असेल तर भाड्याची कार आहे. आम्ही गेलो डिलिव्हरी व्हॅनने. आमच्या ह्यांची बंद बॉडीची डिझेल गाडी आहे, नऊ वर्षं जुनी. वाडीच्या गोदामातून साबणाची-बिस्किटांची खोकी भरायची आणि यवतमाळला उतरवायची, हा आमचा धंदा. यवतमाळपर्यंत तर भाडं मिळणारच होतं. पुढच्या रस्त्याचं डिझेल तेवढं पदरचं. कोणी असं जाणार असेल तर एक सांगते, माणसं फक्त पुढे केबिनमध्येच बसवा, मागे मालाबरोबर नाही.

जायचं कारण वेगळंच. आमच्या घरी दसरा झाला की कार्तिक पौर्णिमेच्या आत माहूरच्या रेणुकेची ओटी भरतात. थोरल्या सुनेने आधी भरायची, मग बाकीच्यांनी. देवीकडून परत मिळालेला पहिला खण वर्षभर त्या सुनेच्या देवघरात राहतो. पण ओटी सूर्य मावळायच्या आत व्हायला हवी. थोरली पोचली नाही तर धाकटीने भरायची, देवीला ताटकळत ठेवायचं नाही. बावीस वर्षं मी सासूबाईंच्या हातातला तो खण पाहिला. त्या गेल्या, आणि हे पहिलं वर्ष माझं होतं.

धाकटी जाऊ म्हणजे वैशाली. तिचं प्रताप नगरला घर आणि दारात दीड वर्षाची कोरी डिझेल व्हॅन. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, मागचं दिसायला स्क्रीन, केबिनमध्ये थंडगार हवा. आमच्या गाडीत हवा हवी असेल तर काच खाली करायची आणि काच खाली करायला पान्हा लागतो. तिच्या नवऱ्याला, मनोज भावजींना, आमच्याच यवतमाळच्या व्यापाऱ्याचा अर्धा माल मिळाला, तेव्हा वैशालीचा फोन आला, "ताई, मीही येते. सोबतच जाऊ ना." मी "ये ना वं" म्हटलं. फोन ठेवल्यावर देवासमोर बसले, पण जप काही झाला नाही.

सकाळी सहाला वाडीहून निघायचं ठरलं होतं. थंडी पडायला लागलेली. ह्यांनी किल्ली फिरवली. स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबायचं असतं, तोवर इंजिनातले हीटर प्लग गरम होतात. विझला. मग किल्ली पुढे नेली, तर नुसतं कट-कट-कट.

"पुन्हा?" मी म्हटलं. महिनाभर हेच चाललं होतं. चारही हीटर प्लग नवे टाकून झाले होते.

शेजारी वैशालीची गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी होती. मनोज भावजी उतरले. "दादा, विकून टाक ना गा हिले. काहून जीव लावून बसला?"

"ढकल अगोदर, मग बोल," हे म्हणाले.

दोघांनी ढकललं, उतारावर गाडी धक्क्याने सुरू झाली. वैशालीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. "किती मज्जा, ताई!" तिला खरंच मज्जा वाटली असेल. मला तिच्या मांडीवरची पिशवी दिसत होती. ओटीची साडी धरमपेठेतल्या मोठ्या दुकानातून घेतलेली, डब्यातली. माझी इतवारीच्या बाजारातली, घासाघीस करून घेतलेली. देवीला काय फरक पडतो, असं मी बुटीबोरीपर्यंत स्वतःला सांगत होते.

रस्त्याचं म्हणाल तर बुटीबोरीपासून वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ असा झकास मोठा रस्ता आहे. टोलची पावती जपून ठेवा, माल असेल तर भाड्यात लावता येते. वर्ध्याजवळ पोह्यांवर चण्याची तर्री घेतली, तीस रुपये प्लेट, तर्री मागाल तेवढी. मी घरच्या दशम्या नेल्या होत्या, म्हणून दोघांत एकच प्लेट. ह्यांनी गाडी सुरूच ठेवून, दारापाशी उभं राहून खाल्लं. बंद केली तर पुन्हा धक्का. वैशालीने गोरसपाकाचे, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचे, दोन पुडे घेतले आणि एक माझ्या मांडीवर ठेवला. मी तो घरी आल्यावर माझ्या पोरीला दिला. मी खाल्ला नाही. का ते विचारू नका.

कळंबला चिंतामणीचं मंदिर आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, गाभाऱ्यात गारवा असतो. समोरून जायचं आणि दर्शन घ्यायचं नाही, हे माझ्याच्याने होत नाही.

"गाडी बंद करावी लागन," हे म्हणाले. "इथे चालू गाडी उभी करू देत नाहीत."

"गणपतीच्या दारात बंद पडणार आहे का?"

पडली. दर्शन छान झालं. वर आलो आणि या वेळी कट-कटसुद्धा नाही. किल्ली फिरवली की समोरचे सगळे दिवे मंद होऊन विझायचे. सपाट रस्ता आणि मागे भरलेला माल, ढकलणं शक्य नव्हतं.

वैशालीने काच खाली केली. तिची बटणाने होते. "ताई, आम्ही पुढे होतो. माल उतरवायचा नंबर लावून ठेवतो." बोलणं अगदी रास्त. पण त्या गाडीचे मागचे लाल दिवे लांब जाताना मला एकच दिसत होतं: ती, तिची धरमपेठेची साडी आणि माझा खण.

ह्यांनी चौकाजवळून एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला आणलं. त्याने सीटखालची बॅटरी उघडी केली, मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या दोन खांबांवर, म्हणजे टर्मिनलवर, टेकवल्या.

"बॅटरी तर मस्त आहे, भाऊ. साडेबारा दाखवते." मग एक सुई खांबावर आणि एक त्यावर बसवलेल्या तारेच्या चिमट्यावर ठेवून म्हणाला, "मारा किल्ली." काटा हलला. "हे पाहा. खांबावर वीज आहे, चिमट्यावर पोचून नाही राहिली. मधात काहीतरी बसलं आहे."

त्याने पान्ह्याने चिमटा सोडवला. खांबाभोवती लालकाळा, खरपुडी धरलेला लेप होता. त्याने नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"हे काय लावलं? कुंकू?"

माझे कान गरम झाले. दसऱ्याला गाड्यांची पूजा मीच करते, दोन्ही घरच्या. सासूबाईंनंतर तेही माझ्याकडेच आलं. ह्यांनी त्या दिवशी बॅटरी साफ करायला चिमटे सोडले होते आणि पाणी आणायला गेले होते. बॅटरी म्हणजे गाडीचा जीव, असं मनात आलं. तेलात कुंकू कालवून मी दोन्ही खांबांना गोल गोल, मनापासून लावलं. वरून ह्यांनी न बघता चिमटे आवळले.

"मीच लावलं होतं," हे म्हणाले. "दसऱ्याले."

म्हातारा हसला. "देवीचा टिळा कपाळावर लावा ना, भाऊ. गाडीच्या घशात काहून घातला?" त्याने सँडपेपरने खांब चकचकीत केले, चिमटे घासले, आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. "आतमधात काहीच नाही लावायचं. आवळल्यावर वरून लावा, गंज नाही धरत." अल्टरनेटरचा पट्टाही सैल होता, तो ताणून दिला. शंभर रुपये घेतले. ह्यांनी नव्या हीटर प्लगांचं सांगितलं, तेव्हा म्हणाला, "आणि हीटर प्लग कोणी बदलवले? जुने चांगलेच असतील तुमचे."

गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली.  वाटेत मनोज भावजींचा फोन आला तेव्हा हे म्हणाले, "काही नाही रे, गंज धरला होता."

यवतमाळला पोचेपर्यंत नवी गाडी रिकामी होऊन पुढे गेलेली. आमचा नंबर लागून माल उतरायला अडीच वाजले. वैशालीचा निरोप आला होता: "ताई, सूर्य लवकर मावळतो आता. तुम्ही नाही पोचलात तर मी भरून घेऊ ना?" विचारलं होतं तिने, मान्य करते. मी उत्तर दिलं नाही. ह्यांना एवढंच म्हटलं, "जरा जोरात चालवा."

आर्णी मागे टाकली. दहा-बारा किलोमीटर पुढे, कपाशीच्या शेताकडेला नवी गाडी उभी. बॉनेट उघडं आणि मनोज भावजी कानाला फोन लावून उन्हात.

देवा, खोटं लिहीत नाही. मला आनंद झाला. पोटातून झाला.

"थांबू नका," असं मी म्हणणारच होते, तोवर ब्रेक लागला होता.

नव्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक पाणी लागतं, युरियाचं. धूर स्वच्छ करायला. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. ते संपत आलं की दिवा लागतो आणि गाडी उरलेले किलोमीटर मोजत बसते. शून्य झाल्यावर चालू गाडी चालू राहते, पण एकदा बंद केली की ते पाणी घातल्याशिवाय सुरू होत नाही.

"तुले दिसत नव्हतं का गा?" ह्यांनी विचारलं.

"दिसत होतं. म्हटलं बंदच नाही करत, परत जाताना भरू. पण हिले कपाशीत फोटो काढाचा होता."

कॅन आर्णीच्या पंपावर मिळणार. म्हणजे मागे जाऊन परत यायचं, कमीत कमी पाऊण तास. हे माझ्याकडे बघत राहिले. "तू सांग. तू म्हणशील तसं करू."

हा माणूस सकाळी माझं कुंकू स्वतःच्या कपाळी घेऊन बसला होता. मी म्हटलं, "जा. आणा." आणि पिशवी घेऊन खाली उतरले. दोघे भाऊ आमच्या खटाऱ्यात बसून गेले.

वैशाली आणि मी तिच्या केबिनमध्ये बसलो. सीट मऊ होती, तेही मोजलं मी. ऊन तिरपं होत चाललं होतं.  मग ती एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? दसऱ्याले तुमच्या गाडीले बॉनेट, चाकं, स्टिअरिंग, पार बॅटरीपर्यंत कुंकू. माह्या गाडीले एकच टिंब लावलं तुम्ही. काहून?"

 टिंब लावताना बोट जड झालं होतं, हे मला चांगलं आठवत होतं.

"मी घरी जाऊन रडली," ती म्हणाली. "म्हटलं, सासूबाई असत्या तर असं झालं नसतं. आता तर पाहा, रस्त्यात बंदच पडली."

"वेडे, ती युरियाने पडली," मी म्हटलं. "कुंकवाने माझी पडली." मग सगळं सांगितलं. खांब, तेल, लेप आणि ह्यांनी स्वतःवर घेतलेला आळ. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्हणजे बरं झालं ना वं, माह्या गाडीले एकच टिंब लावलं!" मलाही हसू आलं. पण हसताना एक डोळा सूर्यावर होता. तिचाही असावा.

भाऊ परत आले, पाणी ओतलं, थोड्या वेळाने नवी गाडी सुरू झाली. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला. पुढचा घाट वळणांचा आहे, जुनी गाडी असेल तर ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पायथ्याशी पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेला टेकायच्या बेतात होता आणि समोर पायऱ्या. माझे गुडघे घरी जिन्यावरही बोलतात.

तीस-चाळीस पायऱ्यांवर मी कठड्याला धरून उभी राहिले. वैशाली दोन पायऱ्या पुढे जायची, थांबायची, मागे बघायची. तिने तीन-चारदा असं केलं. माझ्यासाठी थांबत होती ती.

"तू पळ," मी म्हटलं. "भर तू."

"ताई, मान तुमचा आहे."

"देवीला ताटकळत ठेवायचं नाही. पळ म्हणते ना."

ती पळाली. मी वर पोचले तेव्हा दिवे लागले होते. गर्दीतून ती माझ्याकडे वळली, हातात हिरवा खण, घामाघूम, डोळे भरलेले. मी माझी ओटी नंतर भरली. शेंदराने माखलेला तो मोठा मुखवटा डोळे भरून पाहिला, पण मागायचं ठरवलेलं सगळं विसरले. कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद घेतला. जाल तर नक्की घ्या, असा विडा दुसरीकडे मिळत नाही. मुक्काम भक्तनिवासात, खोली साधी पण स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या पहिल्या किल्लीत सुरू झाल्या आणि दुपारच्या जेवणाला आम्ही वाडीत होतो.

घरी येऊन गाडीच्या वहीत लिहिलं: बॅटरीचे चिमटे दर महिन्याला पाहणे, पट्टा पाहणे, खांबांना आत काही न लावणे. हीटर प्लगचा खर्च आधीच्या पानावर आहे, त्याच्याकडे बघत नाही. ह्यांना म्हटलं, "तुम्ही काहून सांगितलं तुम्ही लावलं म्हणून?" पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "लावलं तर आपल्याच गाडीले ना."

पुढच्या दसऱ्याला दोन्ही गाड्यांना सारखं कुंकू लावायचं. बॉनेटवर. हे कबूल केलंय देवीपाशी.

शुक्रवारी वैशालीने हळदीकुंकवाला बोलावलं. माझ्या कपाळावर तिने बोट फिरवलं ते टिंब नव्हतं, चांगलं भरगच्च लावलं. तिच्या खांद्यावरून मला देवघर दिसत होतं. चांदीच्या ताटात खण ठेवलेला, खिडकीपाशी, उन्हात. हिरवा रंग एका घडीवर जरासा उडालेला वाटला.

सावलीत ठेव, असं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही अजून.