मांजरांचा वर्ग

सगळी शाळा त्यांना कशावरूनबाई म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. बालवाडीतल्या पोराने काहीही सांगितलं की बाई कमरेवर हात ठेवून विचारत, "कशावरून?" कुंडीतलं रोप मेलं? कशावरून? गोगलगाय घाबरली? कशावरून? मग पोर मातीत बोट खुपसे, गोगलगायीपुढे पालथं पडून राही आणि नाकाला माती फासून उत्तर घेऊन येई. उत्तर चुकलं तरी बाई ते दुरुस्त करून देत नसत. आयतं दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंतसुद्धा डोक्यात टिकत नाही, असं त्यांचं ठाम मत. घरीही हाच खाक्या. भाजी खारट झालीय असं म्हणायची सोय यजमानांना उरली नव्हती. ते बिचारे मुकाट्याने जास्तीचं पाणी पीत.

मधल्या सुट्टीनंतर बाईंचा विचाराचा तास असे. त्याचे धडे म्हणजे झाडं आणि प्राणी. बाई फळ्यावर चित्रं काढून एक नियम मांडत आणि तो पाडता येतो का ते मुलांनी बघायचं. 'सगळ्या वेली वर चढतात' हा नियम कुंपणाकाठी ऐसपैस लोळणाऱ्या भोपळ्याच्या वेलाने पाडला होता. नियम पडला की बाई तो पुसत आणि सगळे टाळ्या वाजवत.

घोळ झाला तो मांजरामुळे. एका सोमवारी बाईंनी फळ्यावर मांजरं काढली, प्रत्येकापुढे बशी काढली आणि म्हणाल्या, "सगळी मांजरं दूध पितात." शिंप्याचा मुलगा उभा राहिला.

"बाई, मी पण दूध पितो. म्हणजे मी मांजर आहे."

"कशावरून?"

त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. उरलेल्यांनी आपापल्या घरचं दूध आठवलं, आणि शाळा सुटायच्या आत सगळा वर्ग मांजर झाला.

दुसऱ्या कुणी बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गाढवांनो, तुम्ही माणसं आहात. यांना ते जमेना. पोरांना आपली चूक आपोआप सापडेल म्हणून त्या थांबल्या. पोरं मात्र थांबली नाहीत. घरोघरी बशीतून दूध प्यायलं जाऊ लागलं. एक मुलगी कपाटावर चढून बसली आणि तिला उतरता येईना. शिंप्याच्या मुलाने आंघोळीला साफ नकार दिला आणि सगळ्यांच्या देखत स्वतःचा दंड चाटायला घेतला. शाळेच्या रखवालदाराचं मांजर दिसलं की सगळे आपल्या बाटलीतलं दूध त्याला पाजत. भावकीतलं ना ते.

आठवडा सरायच्या आत पालक मुख्याध्यापिकांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. शिंपी सगळ्यात पुढे. मुख्याध्यापिका बाईंना म्हणाल्या, "शुक्रवारी पालकांसमोर तास घ्या. पोरं माणसात आली तर ठीक. नाही आली, तर हा तास बंद. त्या वेळात रंगकाम घेऊ."

त्या रात्री जेवताना बाईंनी घरी सगळं सांगितलं.

"सांगून टाक ना पोरांना," यजमान म्हणाले. "एका वाक्याचं तर काम."

"एका वाक्यानं मांजरं झाली, दुसऱ्या वाक्यानं माणसं होतील," बाई म्हणाल्या. "मग उद्या कुणीही येईल आणि त्यांचं काहीही करून जाईल."

यजमानांनी भाजी पुढे सरकवली. ती खारटच होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

शुक्रवारी पालक इवल्या इवल्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. बाईंचा बेत सोपा होता. आधी रखवालदाराचं मांजर दूध पिईल. मग त्याच्याच शेजारी शिंपी कपभर दूध पितील. बाप दूध पितोय आणि तरी तो मांजर नाही, हे बघून पोरांना बरोबर उमगेल.

बाईंनी बशी ठेवली. मांजराने ती हुंगली, तोंड फिरवलं आणि ते खिडकीत जाऊन बसलं.

"पोरांनी पाजून पाजून त्याला दुधाचा वीट आलाय, बाई," रखवालदार दारातून म्हणाला.

झालं. कप हातात धरून शिंपी तसाच बसला. मुलांनी डोक्याला डोकी लावून खलबत केलं आणि शिंप्याच्या मुलाने निकाल दिला, "बाई, हे मांजरच नाही."

पालक खो खो हसले. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. बाईंच्या अंगावर मात्र आनंदाने काटा आला, कारण पोराचं काहीच चुकलं नव्हतं. सगळी मांजरं दूध पीत असतील आणि हे पीत नसेल, तर हे मांजर नव्हेच. आठवडाभरात पहिल्यांदा वर्गाने सरळ विचार केला होता, आणि ते सांगून टाकायची बाईंना अनावर इच्छा झाली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"नीट बघा त्याच्याकडे," त्या एवढंच म्हणाल्या.

मुलांनी बघितलं. मिशा, शेपूट, सगळं जागच्या जागी होतं. मग कपाटावर चढलेली मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, ते मांजरच आहे. तुमचं चुकलं."

"अगं, बाईंना असं म्हणतात का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. पण बाईंनी तोवर डस्टर उचलून स्वतःचाच नियम पुसला होता, आणि पोरं टाळ्या वाजवत होती.

शिंप्याचा मुलगा तेवढा वाजवत नव्हता. तो कोऱ्या फळ्याकडे बघत होता.

"म्हणजे दुधावरून मांजर ठरत नाही," तो म्हणाला. मग बापापुढे जाऊन उभा राहिला. "मग मी तुमचा मुलगा?"

"होय रे राजा."

"कशावरून?"

शिंप्याने कप खाली ठेवला. "तुझं नाक माझ्यासारखं आहे."

"काकांचं पण आहे."

"तू आमच्या घरी राहतोस."

"पाल पण राहते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शिंपी हसला नाही. तो विचार करत राहिला.

"दुकानात मशीनवर बसलेलो असतो," तो शेवटी म्हणाला, "आणि रस्त्यावर कुठलंही पोर रडलं की माझा पाय थांबतो. रडणारा तू नाहीस असं कळलं की पुन्हा चालू होतो."

मुलाने त्यावर पुरेपूर विचार केला. मग तो बापाच्या मांडीवर चढून बसला.

"तर मग, तुमची तक्रार?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"तास चालू राहू दे," शिंपी म्हणाला. "हे त्याला सांगायचं राहून गेलं असतं."