भोईरसाहेबांचं अर्धं वाक्य

भोईरसाहेब बोलता बोलता मधेच उठायचे. शब्दसुद्धा अर्धा टाकायचे. मशीन वाजलं की तिकडे जायचे, काय ते बघायचे आणि परत येऊन जिथे सोडला होता तिथूनच शब्द उचलायचे. एकदा "सोनिवलीला आमच्या भातात पा" एवढं म्हणून उठले. मी खोली झाडली, फरशी पुसली, बादली ओतून आले. तेव्हा ते खुर्चीत बसत म्हणाले, "णी जास्त झालं." मी तोंडाला पदर लावला. "हसतंस काय, बाय? मशीन पण असंच करतं. हातातलं काम कुठं सोडलं ते ध्यानात ठेवतं, तातडीचं बघून येतं, मग पुढं चालू."

अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात वरच्या मजल्यावर ती खोली होती. मी तिथे झाडू-पोछा करते. खाली रिअ‍ॅक्टर, म्हणजे माल शिजवायचं मोठं पोलादी भांडं. आमचे हे त्याच्यावर कामाला. भांडं जास्त तापलं तर फुटतं, एवढं मला माहीत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. शिवमंदिराच्या मागे आमची खोली. माझ्या रजेच्या दिवशी आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली की तव्यावरची पोळी करपायची, मला उलटायचं सुचायचं नाही.

भांड्यावर लक्ष ठेवणारं ते मशीन कपाटाएवढं, माझ्या लग्नाहून जुनं. नवं घेऊ घेऊ म्हणत मालकांनी तेच चालवलं होतं. आत खणांत एकाखाली एक सर्किटच्या पट्ट्या बसवलेल्या. सगळ्यात वर उष्णतेची, मग दाबाची, तळाला प्रिंटरची. दोघांनी एकदम हाक मारली तर मशीन वरच्याचं आधी ऐकायचं. हा क्रम साहेबांनी लावलेला. म्हणायचे, "मोठ्यानं ओरडतो त्याचं नाय, ज्याचं थांबून भागणार नाय त्याचं आधी." एकही खण रिकामा ठेवायचे नाहीत. काही नसेल तिथे कोरी पट्टी. "मशीन 'बोल' म्हणतं, ते हातातून हातात खाली जातं. मधला उठून गेला तर खालचा बोंबलत बसंल, त्याला कोण विचारणार?"

माणूस फार भित्रा. कपाटाचं दार रोज उघडून खण बघायचे, जिन्यातली भिंत तापली का ते तळहाताने चाचपायचे. लोक चेष्टा करायचे. ते म्हणायचे, "भितो त्याच्याच हातात मशीन द्यावं." मला कोणापुढे बोलता येत नाही. पण साहेब लोक बसलेले असताना मी नुसती दारात उभी राहिले तरी ते हात वर करायचे. "थांबा जरा. बायला काय सांगायचंय."

मग नवे मॅनेजर आले. रिपोर्ट छापता छापता अडकतो म्हणून चिडले. "भोईर, प्रिंटर को ऊपर लो. हेड ऑफिस को कागज चाहिए."

"साहेब, उष्णता खाली जाईल."

"एक ही खण है ना? मशीन से शादी किया है क्या?"

साहेबांनी पट्ट्या बदलल्या. प्रिंटर वर, उष्णता त्याच्या खाली. त्या दिवसापासून डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे.

पुढे पुतण्याच्या हळदीसाठी ते सुट्टीवर गेले. तेव्हाच प्रिंटर बिघडला. बाहेरचा कारागीर आला, प्रिंटरची पट्टी काढून दुरुस्तीला घेऊन गेला. कपाटाचं दार लावलेलं होतं. पडद्यावरचा उष्णतेचा आकडा शांत होता.

साहेब परतले ते कानामागे हळद तशीच घेऊन. माझ्या हातावर लाडू ठेवला. "घे, बाय. नि तुझ्या नवऱ्याला, दशरथला सांग, आज" असं म्हणत सवयीने दार उघडलं आणि थांबले. वरचा खण काळा, रिकामा. त्याच्या खाली उष्णतेची पट्टी. ती कधीपासून हाक मारत होती कोण जाणे. पडद्यावर जुनाच आकडा होता.

ते जिन्यावरून धावले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "सोडा सगलं! भायेर पला!"

पायाखालची फरशी थरथरायला लागली. वाफेची शिट्टी कानात घुसत होती. मी लाडू धरून खिडकीशी उभी. अंगणात माणसं येत होती, त्यांत हे दिसत नव्हते. मग दिसले, एक चप्पल पायात, एक नाही. वाफ बंद करून, गार पाणी सोडून साहेब सगळ्यांच्या मागून आले आणि पायरीवर बसले. छातीवर हात. शिट्टी हळूहळू उतरली.

मी पाणी नेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ हलले. मी वाट बघत राहिले, कारण ते नेहमी परत यायचे. त्यांना गाडीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी गेल्याचं कळलं.

मशीन पुन्हा चालू झालंय. उष्णता वरच्या खणात आहे. त्या खुर्चीवर आता दुसरे साहेब बसतात, चांगले आहेत. मशीन वाजलं की हातातलं वाक्य पुरं करतात, मग उठतात. मी पोछा तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

सकाळी हे डबा घेऊन निघतात. मी दारात येते. "आज" म्हणते, आणि पुढचं मला माहीत नाही. हे थोडं थांबतात, मग जातात.