दुनळी पुसताना

आजोबांची शिकारीची दुनळी बंदूक बाबांकडे आली ती पीक राखण्याच्या परवान्यावर. शिकार बंद झाली, पण कन्हान नदीपलीकडच्या आमच्या शेतातली रानडुकरं काही बंद झाली नाहीत. तुरीत कळप शिरला की बाबा हवेत एक-दोन बार काढायचे. डुकरं पळायची आणि चार दिवसांनी परत यायची. बंदूक मात्र प्रत्येक वेळी हुडकेश्वरला घरी आणून साफ व्हायची.

बार काढून नळी तशीच ठेवली तर आतली काजळी ओल धरते, गंज चढतो. म्हणून आधी साफसफाई, मग जेवण. पोटात कावळे ओरडत असले तरी बाबांना फरक पडत नसे. अंगणात पेपर पसरायचा, दुनळी मधून मोडून उघडायची, काडतुसं निघालीत ना ते बघायचं, मग गजाला चिंधी गुंडाळून नळीत आत-बाहेर करायची. पहिली चिंधी काळीकुट्ट निघते. पांढरी निघेपर्यंत सुटका नाही. मग आतून शिलाई मशीनचं तेल, लाकडी दस्त्याला जवसाचं. आणि चिंधी आईच्या जुन्या सुती साडीचीच हवी.

"डुकरं तं हटत नाहीत, माह्या साड्याच संपून राहिल्या," आई म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात आम्ही शेतातून परतलो. गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी, आई मागे. सीटवरून घसरते म्हणून गवसणीतली बंदूक तिनं मांडीवर आडवी घेतली होती. घरी आल्यावर बाबांनी ती बाहेर काढली आणि सरळ गज उचलला. मला हसू आलं. "बाबा, आधी उघडा तरी," म्हणत मी ती घेतली आणि मोडली. डाव्या नळीत काडतूस होतं. न उडालेलं.

मी घाबरले, म्हणून जास्तच संतापले. बाबांना तोंडाला येईल ते बोलले.

आई आतून आली. "काहून ओरडून राहिली वं?"

मी बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "तुह्या मांडीवर मी भरलेली बंदूक आणली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खूप वेळ लावून पुसली आणि आम्ही ठाण्यात जमा करून आलो. निर्णय त्यांचाच. मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं.

आता बाबांचं विसरणं वाढलंय. शेतात डुकरं आल्याचा फोन आला की ते उठून कपाट उघडतात.

"माही बंदूक कुठं गेली वं?"

"जमा केली, बाबा."

"कोणं केली?" आवाज चढलेला असतो.

"तुम्हीच."

"काहून?"

मी कारण सांगते. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हादरतात, आणि आई कुठे आहे ते बघायला घरभर फिरतात.