तात्यांच्या वावरातला पाया

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. उकरायला जावं पाया आणि घरी यावं टोपलीभर किस्से घेऊन! त्यातले निम्मे एकट्या तात्यांच्या वावरातले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळवणजवळ तात्यांचा नांगर जमिनीखालच्या दगडी पायाला अडकला आणि आमची पुरातत्त्वाची टीम जीपने तिथं पोचली. हे नक्की काय आहे ते कळेपर्यंत तात्यांना वावरात कांदा लावता येणार नव्हता. इकडं वाफ्यात रोप वाढत चाललं होतं.

* * *

पहिल्याच दिवशी आमचे सर म्हणाले, “देऊळ!” मॅडम म्हणाल्या, “गोठा!” कडाक्याचं भांडण झालं. डबे खाऊन परत आलो, तर सर म्हणतात गोठा आणि मॅडम म्हणतात देऊळ. दोघांनीही एकमेकांना पटवलं होतं! मी आपला नकाशावर नुसतं ‘भिंत’ लिहून मोकळा झालो.

* * *

मग आम्ही दार शोधायला लागलो. चारी बाजूंनी भिंत सलग! तात्या बांधावर बसून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “सर, आत मानसं जायची कशी?”

“तात्या, हा पाया आहे. दार वर असतं, पायाला नसतं.”

“मंग आठवडाभर काय हुडकत व्हते?”

त्या दिवशी चहा जरा लवकरच मागवला.

* * *

तात्यांचे व्याही मनमाडला रेल्वेतून रिटायर झालेले. खड्ड्याभोवती फेरी मारून म्हणाले, “हा प्लॅटफॉर्म आहे!”

“अहो, इकडं रेल्वे कधी आलीच नाही!”

“म्हणून तर अर्धवट सोडलाय!”

खरं सांगतो, घटकाभर मलाही पटलं.

* * *

शेवटी काहीच नक्की होईना, म्हणून खड्डे बुजवून वावर तात्यांना मोकळं करून द्यायचं ठरलं. त्याआधी मोजमापासाठी कोपऱ्यातल्या दगडावर मी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला. सकाळी जाऊन बघतो तर दगडाला हार, पुढं नारळ, उदबत्ती आणि भोवती अर्धं गाव!

“पेंट आहे हो, मीच लावला!” मी ओरडलो.

तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, मलाच विचारलं, “लावला तुमीच. पन त्याच दगडाला लावायची बुद्धी कोनी दिली?”

तात्या रडकुंडीला आले. देवाच्या जागेत आता नांगर कोण घालू देणार? “सर, सांगा ना यांना, देऊळ नाय म्हनून! रोप म्हातारं व्हायला लागलं!”

सर पुढं झाले. “हे देऊळ नाही.”

“मंग काय हाय?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

सरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी माझ्याकडं.

तात्यांनी चपला काढल्या आणि दगडापुढं हात जोडले.

“देवा, तू जो कोन असशील तो, एवढी लागवड होऊ दे!”