बाबांच्या खोलीतली ओल

ओल्या छताला एक वास असतो. तापल्या भुईवर पडलेल्या सरींच्या सुगंधाशी त्याचं दूरचंही नातं नाही. तो वास जड, आंबूस, कित्येक वर्षं न उघडलेल्या पेटीतल्या कपड्यांसारखा. श्रावणातल्या एका सकाळी मी बाबांच्या खोलीचं दार लोटलं आणि तो वास असा काही अंगावर आला, की हातातला चहाचा कप तसाच धरून मी उंबरठ्यावर थांबले. वर पाहिलं. छताच्या कोपऱ्यात, नेमका बाबांच्या पलंगाच्या वर, करड्या रंगाचा डाग पसरला होता, त्याच्या कडांना पांढऱ्या क्षाराची झालर लागली होती आणि चुन्याचा एक पोपडा सुटून बाबांच्या पांघरुणावर पडला होता. बाबा जागेच होते. त्या डागाकडे टक लावून पाहत होते.

आणि मी उन्हाळ्यातच साऱ्या गच्चीला लेप देऊन घेतला होता! वैशाखात यवतमाळची गच्ची म्हणजे काय ते ज्याचा तळवा पोळला आहे त्यालाच ठाऊक. त्या उन्हात डोक्याला ओला पंचा बांधून मी स्वतः उभी राहिले, पांढऱ्याशुभ्र रसायनाचे दोन हात मारून घेतले, आणि 'आता निश्चिंत झाले' असं स्वतःला सांगत खाली उतरले. काय ते भाबडेपण! पाण्यानं जणू आषाढभर माझ्या निश्चिंतपणाचीच वाट पाहिली होती.

बाबांविषयी सांगायला हवं. उभी हयात त्यांनी सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून काढली. शाळा, दवाखाने, पूल, गोदामं. जिल्ह्यातल्या कितीतरी इमारतींवर त्यांनी मजुरांसोबत भाकरी खाल्ली आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि त्याहून क्रूर म्हणजे शब्द गेले. मनात सारं शाबूत, ओठांवर येता येता अक्षरं विखरून जातात. ज्या माणसाच्या एका हाकेवर बांधकामावरची शंभर माणसं थबकत, तो माणूस आज 'पाणी' म्हणायला निघतो आणि 'पा' वरच अडकून डोळे मिटून घेतो. घरात आम्ही दोघंच. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि मी कॉलेजात असताना लीलाबाई त्यांच्याजवळ असते. लीलाबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. घरात तिची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, आणि बाबांशी निव्वळ डोळ्यांची भाषा. न्हाणीघर जोडलेली खोली घरात ती एकच, त्यामुळे पलंग दुसरीकडे नेण्याचीही सोय नाही. दिवसभर उताणं पडलेल्या माणसाचं आकाश म्हणजे ते छत, आणि त्या आकाशाला सडका डाग! मी चिडणार नाही तर काय करणार?

चिडून मी दुकानात गेले. बांधकामाच्या रसायनांचं दुकान तुम्ही कधी पाहिलं आहे का? जमिनीपासून माळ्यापर्यंत बादल्याच बादल्या. प्रत्येकीवर अंगावर धबधबा घेऊन कोरडा राहिलेला एखादा पैलवान, आणि खाली वर्षानुवर्षांची हमी. 'जलरोधक' हा शब्द मी वर्गात कितीदा फोडून दाखवला असेल: जलाला रोधणारा तो जलरोधक. मुलं निमूटपणे लिहून घेतात. पाण्याला मात्र व्याकरण येत नाही, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळत होतं.

"स्लॅबले पाहिजे का भिंतीले?" दुकानदारानं विचारलं.

"छत गळतंय."

"अ‍ॅक्रिलिक देऊ का पीयू? का सिमेंटमंधी टाकाचं लिक्विड? जाळी लावान का नाही? प्रायमर कोनता मारला होता आधी?"

उन्हाळ्यात यानंच दिलेल्या बादलीचं नाव मी सांगितलं, तर तो दयार्द्र मुद्रेनं म्हणाला, "अरे, ते कोन दिलं तुमाले? ते तं उन्हानं फाटते." मग मागे पाहून, मी एकटीच आले आहे याची खात्री करून त्यानं जोडलं, "मॅडम, घरी जेन्ट्स कोनी असन तं पाठवा ना. त्यायले समजून सांगतो."

त्या वाक्यावर मी जी बाहेर पडले ती थेट लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात. तिथल्या विक्रेत्यानं मला आदरानं खुर्ची दिली, रंगीत पत्रक दिलं आणि अर्धा तास व्याख्यान दिलं. गच्चीवर काही करूच नका, म्हणाला. खालूनच ब्रश मारा, स्लॅबच्या रंध्रारंध्रांत स्फटिक जन्मतात आणि पाण्याची वाट कायमची बुजते. स्फटिक जन्मतात! कुठली मराठीची शिक्षिका या वाक्याला भुलणार नाही? मी ती पावडर आणली, छत खरवडून घेतलं, बाबांना दोन दिवस बैठकीत झोपवलं. पंधरवडाभर छत निष्कलंक राहिलं. सोळाव्या दिवशी ओल हातभर सरकून कपाटाच्या डोक्यावर उगवली, आणि तिथून हळूहळू पुन्हा पलंगाकडे आली.

माझा धाकटा भाऊ विनू पुसदला असतो. त्याला फोन केला की त्याच्याकडे उत्तर तयार. "ताई, तू ते लावलंच कायले? आमच्या इकडे आता सगळे ते रबरासारखं लिक्विड मारून राह्यले. तेच आन." तिसऱ्यांदा बादली आली. उघडीप मिळेपर्यंत ती जिन्याखाली ठेवली, आणि तिच्या शेजारी आधीच्या दोन अर्ध्या बादल्या. जिन्याखाली माझ्या अज्ञानाचं एक लहानसं कोठारच तयार झालं.

याच दिवसांत बाबा काहीतरी सांगू लागले. डावा हात छताकडे उचलायचे आणि म्हणायचे, "उता... उता..." पुढचं अक्षर काही केल्या येत नसे. लीलाबाईला वाटलं, कोणाची नजर लागली म्हणून ते उतारा काढायला सांगताहेत. "म्हाताऱ्या मानसाले समजते ताई," ती मला म्हणाली, आणि एका संध्याकाळी तिनं मीठमिरची ओवाळूनही टाकली. मी हसले. मला वाटलं ते शेताचा सातबारा उतारा मागताहेत, म्हणून मी फाइल शोधून तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डाव्या हातानं तो भिरकावून दिला. मग वाटलं, पलंगावरून खाली उतरवा म्हणताहेत. आम्ही दोघींनी घाम गाळत त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी डोळे मिटले आणि त्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. जन्मभर त्यांचा संताप पाहिलेल्या मला एवढं तरी ओळखू येतं. पण मीही थकले होते हो. "बाबा, मला नाही कळत आहे, काय करू मी?" असं मी ओरडले, आणि ओरडल्यावर माझीच मला लाज वाटली.

आश्विनात लीलाबाईनं रशीद मिस्त्रींना आणलं. तिच्या नणंदेच्या घराचं काम त्यांनी केलं होतं. साठी उलटलेले, पांढरी दाढी, नखांत कायमचं सिमेंट. मी आतापर्यंत जमवलेल्या सगळ्या नावांची यादी त्यांच्यापुढे धरली. "यातलं कोणतं आणू ते सांगा, म्हणजे एकदाचं संपेल."

त्यांनी यादी वाचली नाही. घडी घालून माझ्याच हातात दिली. "बिमारी पाह्यल्याबगर दवाई कोन देते, ताई? मले चार बकेटा पानी द्या."

गच्चीवर त्यांनी पाणी ओतलं आणि उकिडवे बसून राहिले. मीही बसले. इतक्या महिन्यांत मी गच्चीपायी किती रसायनं आणली, पण नुसतं पाणी ओतून ते कुठे जातं हे पाहण्याची बुद्धी मला झाली नव्हती. पाणी थोडं घुटमळलं, पन्हळाच्या नळाकडे पाठ करून वळलं, आणि शहाण्या गुरासारखं बाबांच्या खोलीवरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. तिथेच राहिलं. बाबा नागपूरच्या दवाखान्यात होते त्या वर्षी मी सौर बंबाची टाकी बसवून घेतली होती, आणि टाकीखाली ओतलेल्या सिमेंटनं सगळ्या गच्चीचा ढाळ फिरवला होता. काम माझ्या देखरेखीखाली झालं होतं. दोष देण्यासाठी दुसरं कोणी उरलंच नाही.

रशीद मिस्त्री खाली आले, बाबांच्या खोलीच्या दारात चप्पल काढून त्यांनी सलाम केला. "बाबूजी, स्लॅब चांगला हाय तुमचा. ढाल बिघडली."

बाबांनी डावा हात पलंगावर आपटला. एकदा, दोनदा. मग गळ्याच्या शिरा ताणून, सगळं बळ एकवटून ते म्हणाले, "उता...र!"

उतार! गच्चीचा उतार! छतावरचा डाग पन्हळापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे पाणी उलटं धावतंय, हे त्या माणसानं पलंगावर पडल्या पडल्या ओळखलं होतं, आणि महिना दीड महिना तो ते दोन अक्षरांत सांगत होता. आणि मी? शब्दांवर ज्याची भाकर चालते त्या माणसाच्या घरात एका साध्या शब्दाची ही दशा! आपण आजारी माणसाचं ऐकतो ते त्याला काय हवं एवढ्यापुरतंच. पाणी हवं, कूस बदलून हवी, औषध हवं. त्याला काही ठाऊकही असेल, तो आपल्याला काही देऊ पाहत असेल, ही शक्यता आपण केव्हा टाकून देतो? लीलाबाई पदरानं डोळे पुसत होती. मला रडूही आलं नाही. स्वतःचाच इतका राग आला, की मी उगीच जाऊन जिन्याखालच्या बादल्या एका रांगेत लावून आले.

काम सुरू झालं. टाकीखालचं सिमेंट फोडलं. विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा पन्हळाच्या दिशेनं ढाळ देत घातला, कठड्याच्या बुडाशी गोलाई दिली. शेवटचा हात कोणत्या रसायनाचा मारायचा, असं मी विचारलं, तर रशीद मिस्त्री जिन्याखाली वाकून पाहत म्हणाले, "यातलं कोनतंबी चालते, ताई. पानी उभंच राह्यलं नाही तं लिक्विडले काम काय?"

कार्तिकातल्या ज्या सकाळी त्या कोब्यावर पाणी सोडून पाहायचं होतं, त्या सकाळी बाबांनी नाश्ता नाकारला आणि डावा हात वर केला. वर न्या. नाही म्हणण्याची माझी आता छाती नव्हती. विनू आदल्या दिवशीच पुसदहून आला होता. येताना आणखी एक बादली घेऊन! मी त्याच्याकडे असं पाहिलं की ती त्यानं मुकाट्यानं गाडीतच ठेवली. बाबांना खुर्चीत बसवून पंच्यानं बांधलं आणि विनू, रशीद मिस्त्री, लीलाबाई आणि मी अशा चौघांनी ती खुर्ची एकेक पायरी वर चढवली. वळणावर विनूचा हात घसरला, माझा जीव उडाला. बाबांचं लक्ष मात्र वरच्या दाराकडे.

पाणी सोडलं. पातळ, चकाकत, ते पन्हळाकडे निघालं. आम्ही सगळे एकदम सुटकेचा श्वास टाकणार, तोच बाबांनी मान हलवली. नाही. हात जिन्याच्या बाजूच्या एका जागेकडे. आम्हांला कुणालाच काही दिसेना. रशीद मिस्त्रींनी पाणी भरलेली लेव्हलची नळी आणली, दोन टोकांना धरून पाहिली, आणि दाढीवरून हात फिरवला.

"बरोबर बोलून राह्यले बाबूजी. दोन सूत कमी हाय."

दोन सूत! बोटाची रुंदीही नव्हे. पुन्हा फोडणं, पुन्हा धूळ, पुन्हा चार दिवस! माझा इतक्या महिन्यांचा सगळा वैताग एका वाक्यात बाहेर आला. "राहू द्या ना आता! दोन सूत कोण पाहतंय?"

"पानी पाह्यते ना, ताई," रशीद मिस्त्री म्हणाले. मग बाबांकडे वळून, साहेबाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "फोडू का, बाबूजी?"

बाबांनी मान डोलावली. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या होकाराची कोणी वाट पाहिली होती, आणि होकार मिळाल्यावर छिन्नीवर हातोडा पडला.

मग ते खाली यायला तयार होईनात. ऊन चढलं. लीलाबाईनं ताकाचा पेला आणला, तो त्यांनी पुढे पाहतच घोट घोट प्यायला. मी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरून उभी राहिले. हात दुखू लागला, तो बदलला, कोणत्या मुहूर्तावर या घराला गच्ची हवी असं कोणाला वाटलं म्हणून मनातल्या मनात सगळ्यांना बोल लावला. कॉलेजचे दोन तास बुडाले होते. छिन्नी चालत होती, विनू घमेली उचलत होता, आणि बाबा खुर्चीच्या पुढे झुकून, एक डोळा बारीक करून पाहत होते.

एकाएकी त्यांनी माझ्या कमरेला डाव्या हातानं ढोसलं. मी घाबरून वाकले. काही दुखतंय का? भोवळ आली का? 

"सरक," बाबा म्हणाले.

स्वच्छ, सबंध, जराही न अडखळता. मी त्यांच्या आणि कामाच्या मधे उभी होते.

मी सरकले.