शाळेच्या गवतासाठी पेट्रोल

माझ्या मोठ्या साडूंइतकी पेट्रोलची कसून चौकशी करणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. पोरीला स्थळ आलं तेव्हासुद्धा त्यांनी एवढे प्रश्न विचारले नव्हते. आणि हे सगळं गवत कापायच्या एका मशीनसाठी. मुर्रीला त्यांची धानाची शेती. बांधावरचं गवत काढायला त्यांनी ते खांद्याला अडकवायचं मशीन घेतलं आणि पावसाळ्यात गावच्या शाळेचं आवारही, कुणी न सांगता, तेच साफ करू लागले.

पंपावर गेले की ते खिशातून औषधाची काचेची बाटली काढतात. तिच्यावर ओढलेल्या रेघेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, मग हलवून दहा मिनिटं टक लावून बघायचं. पाण्याची पातळी रेघेच्या वर चढली, म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि ते पाण्यात मिसळलं. एकदा आम्ही सगळे पहाटे नागझिऱ्याला निघालो असताना त्यांनी वाटेतल्या पंपावर हाच प्रयोग मांडला. पंपावरचा माणूस वैतागून म्हणाला, "काका, सब जगह यही मिलता है." साडू शांतपणे म्हणाले, "मिलते तं मिलू दे. किती आहे ते तं पाहू दे." जंगलात शिरायची आमची वेळ टळली. त्यांची बायको रुसली, तर तिला म्हणाले, "वाघ कोठी जाऊन राहिला? उद्याबी तिथंच राहील."

हे वेड त्यांना उगाच लागलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळाभर टाकीत उरलेल्या पेट्रोलवर मशीन तसंच पडून राहिलं आणि पाऊस लागल्यावर काही केल्या सुरू होईना. दुरुस्तीत आठवडा गेला. तेवढ्यात शाळेतलं गवत कमरेएवढं झालं आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईंना हातपंपाजवळ घोणस चावली. बाई वाचल्या, पण पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडून दाखवला. आत चिकट थर आणि पाण्याचा गंज. "मशीन चांगली आहे, पेट्रोल शिळं झालं, त्यातल्या इथेनॉलनं पाणी ओढलं," तो म्हणाला. साडू घरी आले आणि जेवले नाहीत.

तेव्हापासून जिथल्या पेट्रोलनं रेघ सगळ्यात कमी चढते, तोच त्यांचा पंप. तो लांब, फुलचूरच्या पलीकडे असला तरी चालेल. आठवड्याला लागेल तेवढंच आणायचं. त्यात लिटरला चाळीस मिली ऑइल मिसळायचं, तेही खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून. काम झालं की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, एवढं कायले?" ते म्हणाले, "साडभाऊ, एकदा चुकलो. आता नाही."

यंदा त्यांचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी मशीन धरायला मनाई केली. ते मानतील असं वाटलं नव्हतं, पण मानले. पेट्रोल मात्र तेच आणतात, तेच मिसळतात. ऑइल मोजताना टोपण दोन्ही हातांनी धरतात. परवा शाळेत मशीन मी चालवलं आणि ते कुंपणाजवळ उभे राहून आवाज ऐकत होते. काम आटोपलं तेव्हा त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि हातपंपापासून स्वयंपाकाच्या खोलीपर्यंत, कापलेल्या गवतावरून, अनवाणी सावकाश चालत गेले. तिथून मागे वळून म्हणाले, "झालं. आता बाईले या म्हणा."