सिनेमातून गाळलेली सासू

माझी ती चित्रकादंबरी भाऊजी वाचायला घेऊन गेले, तेव्हाच मी बजावलं होतं, पानं दुमडायची नाहीत आणि तिला कॉमिक म्हणायचं नाही. त्यांनी पानं दुमडली नाहीत.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आम्ही सगळे नंदनवन नावाच्या वस्तीतच राहतो. मी आईजवळ, ताई-भाऊजी दोन गल्ल्या सोडून. मी रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचे रक्ताचे रिपोर्ट टाइप करते आणि उरलेल्या वेळात विचित्र शक्ती असलेल्या माणसांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचते. घरच्यांना सवय झाली आहे.

या पुस्तकातला नायक श्वास रोखून धरतो तोवर अदृश्य असतो. श्वास सोडला की दिसायला लागतो. फार उदास गोष्ट आहे. शेवटी तो अख्खं शहर वाचवतो आणि ते कुणालाच कळत नाही. मी प्रत्येक वेळी रडते.

भाऊजींचं इंग्रजी मशीनच्या माहितीपुस्तकापुरतं. त्यांनी नुसती चित्रं बघितली आणि मधली गोष्ट स्वतःच भरून काढली. मग कंपनीच्या बसमध्ये, जाता-येता, थोडी थोडी करून ती सगळ्यांना सांगितली. मला याचा पत्ताच नव्हता. त्यामुळे सिनेमा आला आणि भाऊजी म्हणाले, "आमच्या बसमधले पाच-सहा जण बी येऊन राहिले," तेव्हा मला वाटलं, चला, आपल्यामुळे हिंगण्यात वाचनसंस्कृती रुजली.

मॉलमधल्या थिएटरात मी हाताची घडी घालूनच बसले. आवडत्या पुस्तकावर सिनेमा निघाला की निराश व्हायची आधीच तयारी ठेवावी लागते. पण दिग्दर्शकानं काहीच बिघडवलं नव्हतं. तोच पूल, तीच पिवळट बोळं, नायकाच्या कोटाला तेच ठिगळ. हिंदी डबिंग असूनही मला भरून आलं. तेवढ्यात भाऊजींच्या पलीकडून बसमधल्या एकाची कुजबूज आली.

"भाऊ, सासू कधी येते गा?"

"येते, येते. दम धर," भाऊजी म्हणाले.

मी वळले. "कोणाची सासू?"

"हीरोची."

"भाऊजी, त्याचं लग्नच झालेलं नाही!"

"तुया पुस्तकात नसन झालं. ते खिडकीतली म्हातारी, कुंडीले पाणी घालणारी, ते कोण मंग?"

"शेजारीण आहे ती!"

"शेजारीण इतक्या हक्कानं पाह्यते का वं?"

मागून कोणीतरी 'शूऽऽ' केलं, म्हणून मी परत पडद्याकडे वळले.

इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नच्या रांगेत बसमधल्या एका गृहस्थांनी मला माझ्याच पुस्तकाची गोष्ट समजावून सांगितली. हीरो श्वास रोखून स्वयंपाकघरात शिरतो आणि चिवड्याच्या डब्यात हात घालतो. जगात कोणालाच तो दिसत नाही. पण सासू मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणते, "जावईबापू, हात दिसला नाही तरी डब्याचा आवाज येते मले."

हे वाक्य माझ्या आईचं आहे. भाऊजी आमच्याकडे आले की दर वेळी त्यांना ते ऐकावं लागतं.

"आन् शेवटी ते सासू साऱ्या शहरासमोर सांगते, हा माहा जावई आहे म्हणून," ते गृहस्थ म्हणाले. "लय भारी शेवट हाय, ताई. पाह्यजा तुम्ही."

पुढचा सिनेमा मला धड बघताच आला नाही. ती खिडकी पडद्यावर आली की आमची अख्खी रांग सावरून बसायची. म्हातारी कुंडीला पाणी घालायची आणि आत निघून जायची. "गेली बाप्पा!" कोणीतरी हळहळायचं. शेवटी नायक गर्दीतून एकटाच चालत गेला, अगदी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जातो तसाच. मी रडायला हवं होतं. पण मीसुद्धा खिडकीकडेच बघत होते. खिडकी उघडली नाही.

पार्किंगमध्ये भाऊजींना सगळ्यांनी घेरलं. "भाऊ, यानं त सासूच कापली!"

"अडीच घंट्यात किती बसवन गा तो?" भाऊजी मोठ्या मनानं म्हणाले.

मला राहवलं नाही. "पुस्तकात सासू नाहीच आहे. सिनेमा एकदम पुस्तकासारखा आहे."

भर लग्नात कुंडली जुळत नाही असं सांगितल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग पॉपकॉर्नवाले गृहस्थ माझा मान राखत म्हणाले, "मंग पुस्तकवाल्याचंच चुकलं असन, ताई."

घरी येऊन मी आईला सगळं सांगून टाकलं. पुढच्या रविवारी ताई-भाऊजी जेवायला आले. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जावईबापू, ते बसमधली गोष्ट मलेबी सांगा न."

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच श्वास रोखून अदृश्य व्हावंसं वाटलं. पण सुटका नव्हती. त्यांनी सुरुवात केली. चिवड्याच्या डब्यापाशी आल्यावर ते जरा अडखळले. "मंग काय होते आई, त्या हीरोची एक आत्या राह्यते. लय प्रेमळ."

"आत्या?" आईनं लाटणं थांबवलं. "बसमध्ये त सासू होती म्हणे."

ताईला हसताना ठसका लागला. भाऊजींना सासू परत आणावी लागली, डब्यासकट, आईच्या वाक्यासकट. आईनं हसू दाबत सगळं ऐकून घेतलं. सासू शहरासमोर उभी राहून जावयाचं नाव घेते, तिथे मात्र तव्यावरची पोळी जरा करपली.

"इतक्या लोकांसमोर बोलाचं म्हणजे," ती करपलेली पोळी बाजूला काढत म्हणाली, "बाईनं लुगडं कोनतं नेसलं होतं?"

भाऊजींनी याचा विचारच केला नव्हता. त्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात ती खिडकीतली म्हातारी मळकट झगा घालते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"हिरवं," मी म्हणाले. "रुंद काठाचं."